लाल धागा कच्चा नव्हता

गंगापूर रोडवरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी चौतीस वर्षं डाग काढले. दुकानाच्या पुढच्या भागात काउंटर, काउंटरवर मालक प्रभाकरशेठ, त्यांच्या मागे हिरवा पडदा आणि पडद्यामागे मी. निम्म्या गिऱ्हाइकांनी माझं तोंडही कधी पाहिलं नसेल. मला मात्र त्यांच्या घरात कोण पान खातं, कुणाच्या पेनाची शाई गळते आणि कुणाला चालत्या गाडीत चहा प्यायची सवय आहे, हे सगळं ठाऊक असायचं. डाग काढणाऱ्याला लोकांच्या घरातलं फार कळतं. कळलेलं पोटात ठेवायचं, ही या कामातली पहिली अट.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडी धुलाई असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. कपडा ओला होतोच, फक्त पाण्याऐवजी उग्र वासाच्या, झटकन उडून जाणाऱ्या द्रावणात तो मशीनमध्ये फिरतो. त्यानं तेल, तूप, घामाचा चिकटा निघतो. चहा, शाई, हळद, द्राक्षाचा रस असले डाग मशीनला दाद देत नाहीत; ते आधी हातानं काढावे लागतात. त्यासाठी एक टेबल असतं, वाफेचा फवारा मारणारी बंदूक असते आणि दहा-बारा बाटल्या असतात. कुठल्या डागाला कुठली बाटली, किती थेंब, किती वाफ, हे बोटांना कळावं लागतं. आणि सगळ्याच्या आधी चाचणी. कपड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकायचा आणि पांढरं फडकं दाबून धरायचं. फडक्यावर रंग उतरला की थांबायचं, गिऱ्हाइकाला बोलावून सांगायचं, की डाग राहील पण कपडा वाचेल. दोन मिनिटांचं काम असतं.

गिऱ्हाईकं एकेक नग होती. एक गृहस्थ वाइन सांडलेला सदरा कागदात गुंडाळून आणायचे आणि पावतीवर ‘जांभळाचा डाग’ असं लिहायला लावायचे, मग महिना डिसेंबरचा का असेना. प्रभाकरशेठ गंभीर चेहऱ्यानं तसंच लिहायचे. एक बाई दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाआधी आपला शालू घेऊन यायच्या. न नेसलेला, न मळलेला. मी तो वाफेवर धरून फक्त घडी बदलून द्यायचो, कारण एकाच घडीवर राहिला की त्यातली जर चिरते. दसरा झाला की इगतपुरीहून गाठोडी यायची. तिथल्या पावसात चार महिने कपाटात पडून राहिलेल्या कोटांवर, साड्यांवर बुरशीची पांढरी नक्षी उठलेली असायची. आम्ही कुठल्याही बुरशीला ‘इगतपुरीचा माल’ म्हणायचो.

हे झालं गमतीचं. आता जे सांगायला बसलो आहे ते सांगतो.

कपडा आमच्याकडून बिघडला तर काय व्हायचं? पावतीच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ छापलेली होती, की नुकसान झाल्यास धुलाईच्या जास्तीत जास्त दहापट रक्कम मिळेल. ती ओळ कपडा देताना कुणी वाचत नाही. पण या ओळीपर्यंत यायची वेळही क्वचित यायची, कारण त्याआधी मी होतो. गिऱ्हाईक चिडलं की शेठ पडद्याकडे बघून “जाधव” अशी हाक मारायचे. मी बाहेर यायचो, चष्मा कपाळावर सरकवायचो, कपडा उजेडाकडे धरायचो, बोटांत चोळायचो आणि म्हणायचो, “कापडाचाच दोष आहे.” पुष्कळ वेळा ते खरंही असायचं. हल्ली कापडात फसवणूक फार. पण काही वेळा खरं नसायचं. इगतपुरीच्या एका रेल्वेवाल्यांचा कोट एकदा माझ्या हातून बाहीला आकसला. निवृत्तीच्या वेळी सोबतच्या लोकांनी वर्गणी काढून शिवून दिलेला कोट होता तो. मी म्हटलं, अस्तर हलकं वापरलंय. त्या माणसानं मान हलवली आणि जाताना म्हणाला, “तुम्हाला उगाच त्रास दिला.” त्याची ती क्षमायाचना मला कितीतरी दिवस टोचत राहिली, पण टोचणी बोथट होते. पुढच्या खेपेला पुन्हा चष्मा कपाळावर सरकवला.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर लग्नसराई नुकती सुरू झाली होती तेव्हा दुकानात दोन बायका आल्या. एक साठीच्या पुढच्या, हौसाबाई. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, बिजली लावायच्या आणि पहाटे फुलबाजारात स्वतः पाट्या उतरवायच्या. दुसरी त्यांची सून मनीषा, तिशीतली, कळवणकडची. तिच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली साडी होती. काम नाजूक आहे असं दिसल्यावर शेठनी मला बाहेर बोलावलं.

मनीषानं काउंटरवर चादर उलगडली आणि मी खरोखर दोन पावलं पुढे झालो. फिक्या टसर रेशमाच्या साडीवर तिनं सासूचा मळा भरला होता. काठाला झेंडूचे वाफे, त्यातून जाणारे पाण्याचे पाट, आणि पदरभर लाल बिजली. काही पूर्ण उमललेली, काही कळ्या, एखादं फूल देठाशी वाकलेलं. मी हजारो भरतकामाच्या साड्या हाताळल्या आहेत. बहुतेकींतली फुलं छापाबरहुकूम, सारखी असतात. ही फुलं कुणीतरी मळ्यात उभं राहून पाहिलेली होती.

पदराच्या कोपऱ्यावर तळहाताएवढा चहाचा डाग होता.

“दादा, सात म्हैने बसली ही या साडीला,” हौसाबाई म्हणाल्या. “आता दुकानवाल्या बाईंना दाखवायचीय. अन् काल पाव्हण्यांच्या हातून कप सांडला.”

दुकानवाल्या बाई म्हणजे याच रस्त्यावर साड्यांचं मोठं दुकान चालवणाऱ्या एक बाई. त्यांनी मनीषाचं काम मोबाइलवर पाहिलं होतं. साडी प्रत्यक्ष पाहून पसंत पडली तर अशाच दहा साड्यांचं काम द्यायचं कबूल केलं होतं. आठवड्यानं दाखवायला जायचं होतं.

मी म्हटलं, चहाचा डाग म्हणजे काही नाही, परवा घेऊन जा. मनीषा साडीवरून हात फिरवत होती. ती हळूच म्हणाली, “काका, गरम नका लावू. मी सगळे धागे थंड पाण्यात घालून पाहिलेत, पण गरम कधी लावलं नाही.”

मला ते लागलं. पडद्यामागे माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आज स्वतःची दुकानं चालवतात, आणि ही मला शिकवतेय. मी हसून म्हटलं, “बाई, चौतीस वर्षं हेच करतोय.”

दुसऱ्या दिवशी टेबलावर सतरा कपडे वाट बघत होते. मी साडी घेतली, चाचणी केली. पिवळ्या धाग्यावर केली. फडकं पांढरंच राहिलं. हिरव्यावर आणि लालवर करायला हवी होती, पण पिवळा टिकला म्हणजे बाकीचे टिकतील असं धरून चाललो. चहावर चालणारी आंबट बाटली घेतली, चार थेंब टाकले आणि वाफेची बंदूक दाबली. डाग छान सुटला. मी अजून थोडी वाफ दिली, आणि डोळ्यांदेखत लाल बिजलीच्या पाकळ्यांतून रंग निघून टसरवर पसरायला लागला. मी फडकी दाबली, गार हवा सोडली, जे जे येत होतं ते सगळं केलं. जितकं पुसावं तितका तो पसरत होता. शेवटी पदराच्या त्या कोपऱ्यावरची सात-आठ फुलं गुलाबी धुक्यात बुडाली. मी बंदूक खाली ठेवली.

शेठना सांगितलं. त्यांनी साडी पाहिली, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “सांगू धागा कच्चा होता म्हणून.” मी काही बोललो नाही. त्यांनी ते होकार समजून घेतलं, आणि तो होकारच होता.

ठरल्या दिवशी त्या दोघी आल्या. मी बाहेर आलो, चष्मा वर सरकवला आणि म्हटलं, “लाल धाग्याचा रंग कच्चा आहे. भरतकामाला असले धागे वापरत जाऊ नका.”

मनीषानं पदर दोन्ही हातांत धरला. ती रडली नाही. बराच वेळ तिनं त्या गुलाबी कोपऱ्याकडे पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मग मला विचारलं, “काका, वाफ दिली का?”

मी म्हटलं, डाग काढायला जे करावं लागतं ते केलं. तिनं पुन्हा तेच विचारलं. मी पडद्याआड निघून गेलो. पुढचं मला फक्त ऐकू आलं. शेठनी पावतीवरची ओळ दाखवली आणि धुलाईच्या दहापट म्हणून अडीच हजार रुपये काउंटरवर ठेवले. हौसाबाईंनी ते परत सरकवले. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, “पैसं राहू द्या. आधी चूक कोणाची ते सांगा.”

शेठनी पुन्हा ओळ वाचून दाखवली. त्या दोघी साडी चादरीत गुंडाळून निघून गेल्या.

तीन आठवड्यांनी टपालानं नोटीस आली. वकिलाची नव्हती, मनीषानं स्वतः, सुवाच्य अक्षरात, दोन पानांत लिहिली होती. शेठनी ती माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, वाचा, सगळी तुमच्या नावानं आहे. मी टेबलाशी उभ्याउभ्या वाचली. तिच्या तीन मागण्या होत्या. टसरची किंमत. सात महिन्यांच्या कामाचा मोबदला. आणि तिसरी, की लाल धागा कच्चा नव्हता असं दुकानानं लेखी द्यावं.

तिसरीचं कारण खाली दिलेलं होतं. साडी बिघडल्यावर मनीषा तशीच त्या दुकानवाल्या बाईंकडे गेली होती. कोपरा दाखवला, झालेलं सांगितलं आणि उरलेलं काम बघा म्हणाली. त्या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी तिच्यासमोरच शेठना फोन लावला. शेठनी माझंच वाक्य त्यांना सांगितलं, धागा कच्चा होता. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, काम सुंदर आहे, पण रंग सोडणारी साडी मी माझ्या गिऱ्हाइकाला कशी विकू? दहा साड्यांचं काम गेलं. नोटिशीत पुढे एकच वाक्य होतं: ‘साडी पुन्हा भरता येईल, पण माझा धागा कच्चा आहे ही गोष्ट आता या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत पोहोचली आहे.’

कागदाच्या कोपऱ्याला टाचणीनं लाल धाग्याची छोटी लड लावलेली होती. खाली लिहिलं होतं, ‘तुम्हीच तपासा.’

मी तपासली. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर धाग्याचे चार तुकडे केले. एक थंड पाण्यात, एक साबणाच्या पाण्यात, एक मशीनच्या द्रावणात. तीनही फडकी पांढरी राहिली. चौथ्यावर आंबट बाटलीतला थेंब टाकला आणि वाफ दिली, आणि फडकं लाल झालं. मग मी शिलाईच्या डब्यातला आमच्याच दुकानातला लाल धागा घेतला, नावाजलेल्या कंपनीचा, आणि त्यालाही तसंच केलं. त्यानंही रंग सोडला. म्हणजे तिचा धागा बाजारातल्या कुठल्याही चांगल्या लाल धाग्याइतकाच पक्का होता. तिनं गरम लावू नका म्हणून सांगितलं होतं आणि मी लावलं होतं. एवढंच घडलं होतं.

ती पाचही फडकी घेऊन मी शेठकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. प्रभाकरशेठ वाईट माणूस नव्हेत, हे इथे सांगितलं पाहिजे. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी ते दवाखान्यात माझ्याआधी येऊन बसले होते. पण दुकान म्हटलं की माणूस आखडतो. ते म्हणाले, आज एकीला लेखी दिलं तर उद्या दहाजणी रांगेत उभ्या राहतील. नोटिशीला उत्तर देऊ नका आणि तुम्ही यात पडू नका.

मग तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात गेली. लोकांना वाटतं तिथे वकील लागतो, खर्च येतो. तसं नसतं. साध्या कागदावर घडलेलं लिहायचं, पावती जोडायची, आपल्या तक्रारीवर आपणच बोलायचं. हे मलाही तेव्हाच कळलं, आणि चौतीस वर्षांत आमच्या किती गिऱ्हाइकांना ते माहीत नव्हतं याचा विचार मनात आला. पहिल्याच तारखेला दोन्ही बाजूंना विचारलं, की आपसात मिटवायची तयारी आहे का. हौसाबाई हो म्हणाल्या. शेठही हो म्हणाले, त्यांना वाटलं थोडक्यात आटोपेल. पंधरा दिवसांनी मध्यस्थीची तारीख पडली आणि शेठनी जाणकार म्हणून मला बरोबर घेतलं. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, विचारलं तेवढंच बोला.

लहानशी खोली होती, एक लांब टेबल. मध्यस्थ म्हणून एक मॅडम होत्या, शांत बोलणाऱ्या. एका बाजूला आम्ही दोघं, समोर त्या दोघी. मध्ये साडी. मॅडमनी आधी मनीषाला बोलू दिलं, मग शेठना. शेठनी पावतीची ओळ वाचली आणि धाग्याचं सांगितलं. मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, “तुमच्या अनुभवानुसार हे कशामुळे झालं?”

माझा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. समोर मनीषा बसली होती. तिच्या बोटांच्या टोकांवर सुया टोचून टोचून कातडी जाड झालेली होती. तसली बोटं मला ओळखू येतात. माझीही बाटल्यांनी तशीच झाली आहेत. मी हात खाली घेतला.

“माझ्यामुळे झालं,” मी म्हटलं. “यांनी गरम लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी एका रंगाची चाचणी केली आणि सात रंगांवर वाफ मारली. धागा पक्का आहे. मी तपासलाय.” आणि खिशातून ती पाच फडकी काढून टेबलावर मांडली.

शेठ फडक्यांकडे बघत होते. मग मला म्हणाले, “जाधव, एवढं ठाम होतं तर दुकानातच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं, शेठ. पण त्याआधी तीस वर्षं मीच तुम्हाला उलटं सांगत आलो. तुम्ही तरी का ऐकाल?”

शेठ टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून अर्धा प्याले. मला वाटलं, आज नोकरी गेली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

मॅडमनी विषय पुढे नेला. टसरची किंमत तिच्या खरेदीच्या पावतीवर होती, त्यावर वाद नव्हता. अडलं ते कामाच्या मोबदल्यावर. शेठ म्हणाले, घरी बसून केलेलं काम, किती दिवस लागले याचा पुरावा काय? मनीषाकडे नोंद नव्हती. सकाळी फुलं तोडून, स्वयंपाक करून, उरलेल्या वेळात ती सुई घेऊन बसायची. ती गोंधळली. तेव्हा हौसाबाई बोलल्या. “शेठ, माझ्या मळ्यात फुलं तोडायला बाई येते, तिला मी रोजाचं पैसं देते. ही तर फुलं तोडत नव्हती, लावत होती. हिला काहीच नाय?”

मॅडमनी मला विचारलं, कामावरून दिवस सांगता येतील का. सांगता येतात. त्यासाठी कापड उलटं करायचं असतं. सुलट बाजू सगळ्यांचीच चांगली दिसते. घाई, आळस, गाठी, सोडून दिलेले दोरे सगळं मागे असतं. मी पदर उलटा केला आणि पुन्हा एकदा थक्क झालो. मागूनही ती फुलंच दिसत होती. कुठे गाठ नाही, कुठे लांब उडी मारलेला दोरा नाही. मी एक फूल घेऊन टाके मोजले, मग फुलं मोजली. हे करायला अर्धा तास लागला. कुणी घाई केली नाही. शेवटी सांगितलं, की रोज चार तास धरले तरी सहा महिन्यांच्या खाली हे काम होणार नाही, आणि या हाताचा रोज साध्या मजुरीइतका धरणं बरोबर नाही, कुशल कारागिराचा धरावा लागेल.

माझ्याच दुकानाविरुद्ध मी हे सांगत होतो. शेठनी पदर माझ्या हातातून घेतला, स्वतः उलटा करून पाहिला. त्यांच्या वडिलांनी सायकलवर कपडे गोळा करून हे दुकान उभं केलं होतं. कापड त्यांनाही कळतं. मग त्यांनी मॅडमना विचारलं, “किती लिहायचे, सांगा.”

रक्कम ठरली. काउंटरवर ठेवलेल्या अडीच हजारांच्या कितीतरी पट होती, आणि मनीषानं मागितली होती त्यापेक्षा थोडी कमी. तिनं सासूकडे पाहिलं. हौसाबाई म्हणाल्या, पैशाचं जमलं, आता कागदाचं बोला.

तो कागद मी लिहिला. शेठनी सांगितलं, तुम्हीच लिहा, तुम्हाला माहीत आहे. ‘लाल धागा तपासला असता पक्का आढळला. गिऱ्हाइकानं सूचना देऊनही आमच्याकडून पूर्ण चाचणी न करता वाफ दिली गेली. दोष आमचा आहे.’ तीन वाक्यं. आयुष्यात पत्रं पुष्कळ लिहिली, पण एवढा वेळ कुठल्याच पत्राला लागला नाही. शेठनी सही केली. मग कागद मनीषाला देता देता थांबले आणि म्हणाले, “बाई, हा त्यांच्याकडे मीच घेऊन जातो. फोन मी घेतला होता.”

आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी, मनीषाला बरोबर घेऊन, त्या साड्यांच्या दुकानात. तिथे काय बोलणं झालं ते मला शेठनी कधी सांगितलं नाही, मनीषानं सांगितलं. शेठ म्हणाले, मी न तपासता तुम्हाला सांगितलं, ते चुकीचं होतं. त्या बाईंनी कागद दोनदा वाचला. दहा साड्यांचं काम तोवर दुसऱ्या कुणाला गेलं होतं. त्यांनी तीन साड्या दिल्या. मनीषा ‘बघू’ असं न म्हणता तिथेच रंग निवडायला बसली.

माझी नोकरी गेली नाही. शेठ चार-पाच दिवस कामापुरतं बोलले. मग एका सकाळी पावतीपुस्तकाचा नवा नमुना माझ्यापुढे ठेवून विचारलं, यात काय हवं ते लिहा. मी लिहिलं, की रंगीत भरतकामावर प्रत्येक रंगाची चाचणी गिऱ्हाइकासमोर केली जाईल. दहापटीची ती बारीक ओळ त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडली. रांग काही लागली नाही. उलट भरजरी कपडे आणणाऱ्या बायका वाढल्या, कारण चाचणी डोळ्यांसमोर होते म्हटल्यावर विश्वास बसतो. त्या इगतपुरीच्या रेल्वेवाल्यांचा पत्ता मी जुन्या पावत्यांत शोधला. सापडला नाही. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या चैत्रात मी निवृत्त झालो. वर्षभरानं मनीषाचा फोन आला. तीन साड्या पोहोचल्या होत्या, आणखी पाच आल्या होत्या, आणि मळ्याशेजारच्या चार बायका आता तिच्याबरोबर भरायला बसत होत्या. त्यांना धागे कसे तपासायचे, डाग पडला तर आधी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे शिकवायला याल का, असं तिनं विचारलं. मी विचारलं, मलाच का? ती म्हणाली, “काका, चूक कशी होते हे तुम्हाला चांगलं माहीत आहे.” यात टोमणा होता की नाही ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

आता दर बुधवारी मी मखमलाबादला जातो. पत्र्याची शेड, एका बाजूला बिजलीच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बायका. पहिल्या बुधवारी मी बाटल्या आणि फडकी मांडून बोलायला सुरुवात करणार, तोच मनीषानं आतून ती साडी आणून सगळ्यांसमोर पसरली. गुलाबी कोपरा तसाच होता. तिनं तो झाकला नव्हता, उसवलाही नव्हता. मला म्हणाली, इथून सुरू करा.

मी सुरू केलं. पिवळ्या धाग्यापासून वाफेपर्यंत सगळं सांगितलं, पडद्यामागे पळालो तेही सांगितलं. बायका सुया थांबवून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर एक नवीन लग्न झालेली मुलगी म्हणाली, तिच्या मिक्सरची दुरुस्तीवाल्यानं मोटार जाळली आणि तो म्हणतो मिक्सरच जुना होता; आपण काय करणार? मग तिनं साडीकडे बोट दाखवून विचारलं, “या काकांच्या दुकानानं खरंच नुकसान भरून दिलं?”

हौसाबाई दारात शेवंती निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दिलं,” त्या म्हणाल्या. “पण मागावं लागलं. तुझी पावती हाय ना? उद्या घेऊन ये, मनीषा तक्रार लिहून दील.”